आत की बाहेर?

मागच्या अंकात माझं पान कोरं गेलं. बऱ्याच जणांनी विचारपूस केली, म्हणून आधी तेच सांगते. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. आता घरी आले आहेत, आणि चहात साखर कमी का घातली म्हणून आईशी वाद घालण्याइतके बरे आहेत.

त्या रात्रीचा एक प्रश्न मात्र अजून डोक्यातून गेलेला नाही. आजचं पान त्याच्यासाठी.

रात्री साडेअकराला बाबांना धाप लागली. आडवं पडवेना, बोलताना शब्द तुटायला लागले. आम्ही त्यांना रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ड्यूटीवर माझ्यापेक्षाही लहान दिसणारी एक डॉक्टर होती. तिने ऑक्सिजन लावला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, आधी असं कधी झालं होतं का? मी लगेच म्हणाले, ‘‘हो, तीन वर्षांपूर्वी. इंदूरला आत्याकडे गेले होते तेव्हा. फेफसामां पाणी थयुं हतुं.’’

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘फेफसानी अंदर के बहार?’’

आत की बाहेर? मला उत्तर येईना. तेव्हा मी नोकरीसाठी हैदराबादला होते. दादाचा निरोप आला होता, ‘बाबांच्या फुप्फुसात पाणी झालंय, काढलं, काळजी करू नकोस.’ तेवढंच मला माहीत. आत असो की बाहेर, पाणी ते पाणी, अशीच माझी समजूत होती.

आणि लाजेची गोष्ट अशी की मी पोटापाण्यासाठी हेच काम करते. हॉस्पिटलांच्या कागदांतले आजार, अवयव आणि ऑपरेशनं यांना ठरलेले क्रमांक लावणं, म्हणजे मेडिकल कोडिंग. दुसऱ्यांच्या कागदांत अवयवाचं नाव धूसर असेल तर मी तांबडी खूण करून कागद परत पाठवते. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत मात्र तीन वर्षं ‘फुप्फुसात पाणी’वर भागवलं होतं.

इकडे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ले सुरू झाले होते. हैदराबादच्या मामी म्हणाल्या, ‘‘आमच्या सासऱ्यांना असंच झालं होतं, पाठीतून सुई घालून दीड लिटर काढलं, लगेच बरे झाले. त्यांना सांग सुईने काढा.’’ बेळगावच्या काकांनी लिहिलं, ‘‘सुई अजिबात घालू देऊ नका. माझ्या मित्राला लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत पाणी उतरलं.’’ दोघंही खरं सांगत होते. फक्त ते दोन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलत होते, आणि आपल्या भाषेत दोन्ही जागांना एकच नाव होतं.

त्या दोन जागा नीट पाहू. फुप्फुस म्हणजे फुगा नव्हे, स्पंज. त्यात कोट्यवधी बारीक वायुकोश असतात, आणि श्वासातली हवा तिथपर्यंत पोचते. हृदय थकलं की मागे रक्ताचा दाब वाढतो आणि रक्तवाहिन्यांतलं पाणी पाझरून स्पंजात आणि वायुकोशांत शिरतं. हे झालं ‘आत’. हे पाणी सुईने काढता येत नाही, कारण ते एका ठिकाणी साठलेलंच नसतं. भिजलेल्या स्पंजात सुई घालून काय निघणार? तिथे ऑक्सिजन आणि लघवीवाटे पाणी काढणारं औषध कामी येतं, आणि हृदयाकडे लक्ष द्यावं लागतं.

‘बाहेर’ची गोष्ट निराळी. फुप्फुसाला एक पातळ, गुळगुळीत आवरण असतं. तेच आवरण मुळापाशी वळून छातीच्या भिंतीला आतून अस्तरासारखं लागतं. म्हणजे दोन पदर समोरासमोर आले. त्यांच्यामध्ये एरवी जेमतेम ओलावा असतो, श्वास घेताना पदर घासू नयेत एवढाच. न्यूमोनिया, क्षय, कर्करोग अशा कारणांनी तिथे पाणी साठायला लागलं की पदर एकमेकांपासून दूर होतात आणि फुप्फुस दबतं. हे पाणी सुईने काढता येतं, आणि काढून तपासावंही लागतं, कारण ते का साठलं हे बऱ्याचदा त्या पाण्यावरूनच कळतं. सुई घालताना डॉक्टर बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जाते, तिला धक्का लागू नये म्हणून.

हृदयाच्या दुखण्यात कधी कधी पाणी दोन्हीकडे होतं, म्हणून निव्वळ अंदाजावर कुणी उपचार करत नाही. त्या रात्रीही डॉक्टरने एक्स-रे आणि सोनोग्राफी केलीच. पण तिला बाबांचा आधीचा इतिहास हवा होता आणि तो माझ्याकडे नव्हता. रात्री दीड वाजता आत्याने कपाटातून जुनी फाइल काढली आणि चष्मा शोधत शोधत कार्डाचा फोटो पाठवला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: राइट प्ल्यूरल इफ्यूजन, न्यूमोनियामुळे. म्हणजे तेव्हा बाहेर होतं. आताचं पाणी आत होतं. डॉक्टर म्हणाली, म्हणजे जुनं दुखणं उलटलेलं नाही, हे नवं आहे, हृदयाकडे बघू. इंजेक्शनने पहाटेपर्यंत बाबांची धाप उतरली आणि ते उशीला टेकून झोपले. मी बाकावर बसून तोच फोटो पुन्हा पुन्हा वाचत होते.

घरी आल्यावर बाबांना हा सगळा किस्सा सांगितला. बाबांची उभी नोकरी सिटी सर्व्हे ऑफिसात झाली. हद्दी मोजणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते म्हणाले, ‘‘अगं, रिकाम्या जागेचं असंच असतं. घर दाखवता येतं. मोकळी जागा दाखवायची तर चतुःसीमा सांगावी लागते. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला कुणाची भिंत. त्याशिवाय खरेदीखत होत नाही.’’

शरीरातल्या पोकळ्यांची नोंद संगणकासाठी करणाऱ्या लोकांनी नेमकं हेच केलं आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॉर्नेलियस रॉस आणि होजे मेहिनो यांनी सहकाऱ्यांसह शरीररचनेची एक प्रचंड वर्गवारी तयार केली. नाव आहे फाउंडेशनल मॉडेल ऑफ अ‍ॅनाटमी. तिच्याविषयीचा त्यांचा मोठा लेख २००३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ७५ हजार वर्ग, १ लाख २० हजारांहून जास्त नावं आणि त्यांना एकमेकांशी जोडणारी २१ लाखांहून अधिक नाती. अशा वर्गवारीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. म्हणजे ‘काय काय आहे आणि कशाचं कशाशी काय नातं आहे’ याची काटेकोर यादी. आपल्याला जे सांगावं लागत नाही तेही संगणकाला सांगावं लागतं, म्हणून हा खटाटोप.

या वर्गवारीत शरीरातल्या वस्तूंचे दोन मोठे गट आहेत. एक, ज्यांना वजन आहे ते: हाडं, स्नायू, यकृत, रक्त. दुसरा, ज्यांना वजन नाही पण जे आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. वजन नाही आणि आहे, म्हणजे काय? पण विचार करा. छातीतली पोकळी लांब, रुंद आणि खोल असते, तिला तीन मिती. फुप्फुसाचा खालचा पृष्ठभाग, जो डायफ्रामच्या पडद्यावर टेकतो, त्याला दोन. कडेच्या रेघेला एक. टोकाच्या बिंदूला एकही नाही. यांतलं काहीच काढून तराजूत ठेवता येणार नाही. तरी यांच्याशिवाय डॉक्टरचं एक वाक्यही पुरं होत नाही.

बाबांनी लगेच विचारलं, ‘‘मग हद्द खरी की कागदावरची?’’

सर्व्हेवाल्याचा हा प्रश्न तत्त्वज्ञांनीही विचारला आहे. बॅरी स्मिथ नावाचे तत्त्वज्ञ अशा वैद्यकीय वर्गवाऱ्यांवर बरंच काम करतात. ते आणि अकिले वार्झी यांनी सीमांचे दोन प्रकार मांडले. काही सीमा मुळातच तिथे असतात, आपण बघो न बघो. छाती आणि पोट यांच्यामधला डायफ्राम ही तशी सीमा. काही सीमा माणसं ठरवतात आणि मग पाळतात. पोटाचे नऊ भाग शिकवतात, तेव्हा दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा कल्पनेने मारलेल्या असतात. पोट उघडलं तर आत एकही रेघ सापडणार नाही.

पण ठरवलेली सीमा म्हणजे खोटी सीमा नव्हे. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली पोटावरचा एक बिंदू सांगितला. बेंबीपासून कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत रेघ कल्पा आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवा. अपेंडिक्स सुजलं असेल तर बऱ्याचदा तिथेच सगळ्यात जास्त दुखतं. कातडीवर तिथे खूण नाही, तीळ नाही. तरी जगभरचे डॉक्टर अजून तिथेच दाबून बघतात.

बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, ‘‘१ मे १९६० ला आमचे वडील दांडिया बाजारातल्या त्याच घरात उठले. नळ तोच, शेजारी तेच. फक्त आदल्या दिवशी मुंबई राज्य होतं आणि त्या दिवशी गुजरात झालं. जमिनीवर कुठे रेघ दिसली नाही. पण पुढे माझी शाळा, नोकरी, कागदपत्रं, सगळं त्या रेघेने ठरवलं.’’ बेळगावच्या वाचकांना यावर मी वेगळं काय सांगू!

आता पुढचा गुंता. पोकळीत जे असतं ते पोकळीचा भाग असतं का?

हा रिकामटेकडा प्रश्न वाटतो, पण माझ्या कामात तो रोज येतो. मूत्राशयात खडा आहे. संगणकाला चुकून सांगितलं की खडा हा मूत्राशयाचा भाग आहे, तर खडा काढल्यावर तो नोंद करेल की मूत्राशयाचा भाग कापून काढला. म्हणून ‘चा भाग आहे’ आणि ‘मध्ये सामावलं आहे’ ही नाती वेगळी ठेवावी लागतात. भिंत हा मूत्राशयाचा भाग, आतली पोकळीही त्याचाच भाग. लघवी आणि खडा मात्र आत सामावलेले, भाग नव्हेत.

इथे आपल्या भाषेने मला गंमत दाखवली. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या आशयांची यादी आहे. सात सगळ्यांचे, आणि आठवा गर्भाशय स्त्रियांचा. मूत्राशय, पित्ताशय हे शब्द आपण अजून तिथलेच वापरतो. तिथे आशय म्हणजे साठवायची जागा, जशी जलाशयात. पण मराठीच्या पेपरात ‘कवितेचा आशय लिहा’ म्हणतात, तेव्हा आशय म्हणजे आत जे आहे ते! एकच शब्द, कधी भांडं तर कधी भांड्यातलं. बोलताना संदर्भावरून आपल्याला कळतं. संगणकाला कळत नाही, आणि रात्री साडेअकराला घाबरलेल्या मुलीलाही कळत नाही.

आपल्या आजवा सरोवराचं उदाहरण घ्या. बांध वेगळा, बांधाच्या आतला खोलगट भाग वेगळा आणि पाणी वेगळं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं म्हणून सरोवर नाहीसं होत नाही. बांधाला तडा गेला तर दुरुस्ती वेगळी, गाळ साठला तर वेगळी, पाणी खराब झालं तर वेगळी. ‘आजव्याला काहीतरी झालंय’ एवढं सांगून कुणी कामाला लागू शकेल का? ‘पोटात काहीतरी झालंय’ हे वाक्य असंच आहे. मराठीत पोट म्हणजे जठर, पोट म्हणजे आतडी, पोट म्हणजे गर्भाशय, आणि पोट म्हणजे बाहेरून दिसणारी ढेरीसुद्धा.

या गप्पा चालू असताना माझी सहा वर्षांची भाची कडबोळी खात होती. तिने विचारलं, ‘‘आत्तू, मी कडबोळं खाल्लं की त्याचं भोक पण माझ्या पोटात जातं का?’’ बाबा खोखो हसले. मी मात्र तिला शाबासकी दिली. कारण आपलं शरीरही थोडंफार कडबोळ्यासारखं आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांब नळी आरपार जाते. तिच्यातली पोकळी दोन्ही टोकांना बाहेरच्या जगाशी जोडलेली आहे. म्हणून लहान मुलाने नाणं गिळलं आणि ते जठरात असलं, तर आपण म्हणतो ‘पोटात गेलं’. पण नळीची भिंत ओलांडून ते अजून शरीरात शिरलेलं नाही. ते एका दाराने आलं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दाराने निघून जातं. याउलट जठराच्या भिंतीला भोक पडून अन्न बाहेरच्या उदरपोकळीत सांडलं, तर तासाभराचाही उशीर महागात पडतो. अंतर काही मिलिमीटरचं. सीमा ओलांडली की नाही, एवढाच फरक.

ती उदरपोकळीही मजेशीर आहे. पुरुषांत ती चहूबाजूंनी बंद असते. स्त्रियांत गर्भनलिकांची तोंडं तिच्यात उघडतात, म्हणजे तिला बाहेरच्या जगाकडे जाणारी एक अरुंद वाट असते. त्या वाटेने जंतुसंसर्ग वर चढू शकतो. एकाच नावाची पोकळी, पण चतुःसीमा सारखी नाही. म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही.

आपल्याकडेही हे काम चालू आहे, हे तुमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलामुलींसाठी मुद्दाम सांगते. स्नोमेड सीटी नावाची वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय यादी आहे, साडेतीन लाखांच्या वर संकल्पनांची. भारत २०१४ साली तिचा सदस्य झाला आणि तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्याला सी-डॅकमध्ये आहे. भारतात ती मोफत वापरता येते. पण यादी पुण्यात कितीही चांगली झाली, तरी तिच्यात जाणारं पहिलं वाक्य आपल्या घरातून येतं. डॉक्टर विचारतात, ‘आधी काय झालं होतं?’ आणि आपण उत्तर देतो.

म्हणून या अंकापुरतं एक काम सांगते. घरातल्या मोठ्यांच्या फायली एका दुपारी काढा. आई-बाबा, आत्या, मामा, जे कुणी असतील त्यांच्या शेजारी बसा. प्रत्येक मोठ्या दुखण्यासाठी एक ओळ लिहा: कोणतं वर्ष, कोणता अवयव, डावा की उजवा, आत की बाहेर, काय काढलं, काढलेलं तपासायला पाठवलं होतं का आणि त्यात काय निघालं. मराठीत लिहा, पण कार्डावरचा मूळ शब्द जसाच्या तसा शेजारी उतरवून ठेवा. समजला नाही तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. आणि त्या पानाचा फोटो घरातल्या निदान दोघांच्या फोनमध्ये असू द्या. आमची आत्या त्या रात्री जागी होती आणि तिला फाइल सापडली. दर वेळी तसं होईलच असं नाही.

बाबांच्या फाइलचं पहिलं पान मी लिहून त्यांना वाचायला दिलं. ‘तीन वर्षांपूर्वी: उजव्या फुप्फुसाबाहेर, दोन आवरणांच्या मध्ये, न्यूमोनियामुळे. सुईने काढलं. यंदा: दोन्ही फुप्फुसांच्या आत, हृदयामुळे. औषधाने उतरलं.’ त्यांनी ते दोनदा वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि खाली तारीख घालून सही केली. आता ते पान आईने फ्रिजवर लावलंय, चहात साखर नको असल्याच्या चिठ्ठीशेजारी.